नोटेवरची उस्मानची जागा

आधीच सांगते, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचत आले ते खाली खवचट प्रतिक्रिया टाकण्यासाठी. "रात्रीचं जेवण जड झालं असेल" हे वाक्य इथे सगळ्यात जास्त वेळा मीच लिहिलं असेल. तेव्हा आज मलाच कुणी ते ऐकवलं तर माझी तक्रार नाही.

मी जालन्याला एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, ठरलेल्या तापमानाला ठेवायचं आणि मग उघडून बघायचं... उगवलं ते उगवलं, नाही ते नाही. मधलं काही नसतं. माझा स्वभावही तसाच आहे, थोडा तोडून टाकणारा. आमचे हे म्हणतात, "लॅबमधून घरी आलीस तरी तुझी तपासणी चालूच!"

माझा एकच नाद आहे, आणि या प्रकरणाचं मूळ त्यातच आहे. मी युद्धातल्या सह्या केलेल्या नोटा जमवते. ऐकणारा पहिल्यांदा "म्हणजे?" असंच विचारतो, म्हणून सांगते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथे स्वतःच्या नोटा छापून चालवल्या, त्यासुद्धा रुपयांत. पुढे जपानी मागे हटले तशा त्या नोटा रद्दी झाल्या, रस्त्यात पडू लागल्या. आपल्याकडचे जे जवान तिथे लढत होते त्यांनी त्या आठवण म्हणून उचलल्या आणि त्यावर दोस्तांच्या सह्या घेतल्या. शाळेच्या शेवटच्या दिवशी आपण एकमेकांच्या वहीत लिहून घ्यायचो ना, तसंच. फक्त इथे कोण उद्या असेल आणि कोण नसेल याचा भरवसा नव्हता.

नोटा जमवणारे बहुतेक लोक लिहिलेली नोट हातात धरत नाहीत. त्यांना कोरी, कडक, घडी न पडलेली लागते. मला उलट. भाऊ हैदराबादला असतो, त्याने तिथल्या जुन्या बाजारातून अशी एक नोट आणून दिली आणि मी अडकले ती अडकलेच. "माझ्या पगाराच्या नोटांकडे कधी इतक्या प्रेमाने बघितलं नाहीस," हे आमच्या यांचं ठरलेलं वाक्य. या नादात एक नियम मात्र कडक आहे. नोटेवरची शाई त्या काळचीच हवी. नंतर कुणी हौसेने पेन टेकवलं की ती नोट मेली. त्यामुळे माझ्या नोटांच्या आसपास मी घरच्यांनाही पेन आणू देत नाही.

तर... दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. लॅबमधल्या एका मैत्रिणीचं माहेर टेंभुर्णी, आपल्या जाफराबाद तालुक्यातली. तिने सांगितलं, "आमच्या गावात एक फौजी आबा आहेत, ब्रह्मदेशात लढलेले. त्यांच्याकडे तुझ्यासारखी नोट आहे." मी पुढच्याच रविवारी एसटीत बसले.

आबा नव्वदी ओलांडलेले, पण ताठ. ओसरीत बाजेवर बसलेले. कान थोडे गेलेले, आवाज मात्र असा की शेजारच्या घरात ऐकू जावा. सून सुमनताईंनी त्यांना मी कशासाठी आले ते ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नोट काढली. कपाटातून नाही, पेटीतून नाही. खिशातून!

दहा रुपयांची नोट. एका बाजूला देवळाचं चित्र, वर जपानी सरकारचं नाव इंग्रजीत. कडेच्या मोकळ्या जागेत एक सही मोडीत, एक इंग्रजीत, आणि एक चक्क शाईत बुडवलेला अंगठा. चौथ्या कोपऱ्यात पेन्सिलीने आखलेली एक छोटी चौकट. आत काहीच नाही.

"आमी पाच जन," आबा म्हणाले. "पाच जनाच्या पाच नोटा. आपल्या नोटंवर आपन सही करायची न्हाई, बाकीच्या चौघांनी करायची. असा कायदाच व्हता आमचा."

"आणि हा अंगठा?"

"सावळाराम. लिहिता येत नव्हतं, पन नेम असा का इचारू नका."

"मग ही चौकट?"

आबांनी चौकटीवर बोट ठेवलं नाही, शेजारी ठेवलं. "ही उस्मानची जागा. कुंभार पिंपळगावचा. भरतीच्या दिवशी एका रांगेत उभं व्हतो, तवापासून जोडी. आमी सह्या केल्या त्या दिवशी तो तापानं फणफणून दवाखान्याच्या तंबूत पडला व्हता. म्हनलं, बरा झाला की करंल. अन् त्याच रात्री हुकूम आला, पलटन पुढं निघाली. मंग भेटच झाली न्हाई."

लढाई संपल्यावर आबा कुंभार पिंपळगावला गेले होते. घराला कुलूप. घरचे हैदराबादकडे निघून गेले एवढंच लोकांनी सांगितलं. पलटणीला कागद लिहिला तर त्यांनी उलट विचारलं, तुम्ही त्याचे कोण?

"आता काय लिहिनार, कोन लागतो?" आबा हसले. पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मला दुसरं कायबी नको, बाई. तो त्या तापातून उठला का न्हाई, एवढं कळलं असतं तर बराबर झालं असतं. इतकी वर्सं तेवढंच टोचून राह्यलं."

त्या वर्षी आमच्या सहा-सात हौशी लोकांच्या ग्रुपने जालन्यात एका हॉलमध्ये जुन्या नाण्यानोटांचं प्रदर्शन ठरवलं होतं. मी आबांकडे ती नोट एका दिवसापुरती मागितली. मला वाटलं नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "न्या. पन एक शबूद द्या. त्या जागंवर कुनालाबी काही लिहू द्यायचं न्हाई. कलेक्टर आला तरी. ती उस्मानची हाय."

मी म्हटलं, "आबा, माझ्यासमोर कुणी नोटेला पेन लावणं शक्यच नाही." आणि हे सांगताना मला जरा अभिमानच वाटला.

प्रदर्शन एप्रिलमधल्या एका रविवारी होतं. जालन्याचा एप्रिल! पंखे गरम हवा ढवळत होते. माझ्या टेबलावर पाटी होती — 'पेन वापरू नये'. शेजारच्या टेबलावर आमच्या ग्रुपचे ज्येष्ठ सभासद देशमाने काका त्यांची निजामाच्या काळातली नाणी मांडून बसले होते. आबांची नोट मी पारदर्शक पाकिटात घालून ट्रेमध्ये सगळ्यात पुढे ठेवली होती आणि येईल त्याला उस्मानची गोष्ट सांगत होते. खालच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'टेंभुर्णी येथील एका माजी सैनिकाच्या संग्रहातून'. तोंडी सांगतानाही मी 'फौजी आबा' एवढंच म्हणायचे. खरं सांगायचं तर त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. दुपारपर्यंत बोलून बोलून घसा बसला. त्यातच कॉलेजच्या पोरांचं एक टोळकं येऊन नोटांसोबत फोटो काढत, फिदीफिदी हसत गेलं होतं. माझं डोकं तापलेलंच होतं.

जेवणाच्या वेळी गर्दी ओसरली. तेव्हा तो आला.

विशी-बाविशीचा असेल. हडकुळा, सावळा, केस अगदी बारीक कापलेले. एप्रिलच्या उन्हात फुल बाह्यांचा जाड शर्ट आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी मनात म्हटलं, काय एकेक फॅशन असते! तो बाकी कुठल्याच टेबलाकडे न बघता सरळ माझ्याकडे आला आणि आबांच्या नोटेवर वाकला. खूप वेळ वाकूनच राहिला. अंगठ्याचा ठसा बघून हसला.

"ये गनपत की नोट है," तो म्हणाला.

"टेंभुर्णीच्या आजोबांची आहे," मी म्हटलं. त्याने कुणाचं नाव घेतलं इकडे माझं लक्षच गेलं नाही.

"हौ, उसीकी." मग त्याने चौकटीकडे बोट केलं. आबांसारखंच, चौकटीवर नाही, शेजारी. "ये जगह मेरी है, बाई. मेरी सही बाकी है. पेन देते क्या?"

माझी सटकली. सकाळपासून मीच गावभर ती गोष्ट सांगत होते. कुणीतरी ऐकून बाहेर सांगितली असणार आणि हा टवाळ गंमत करायला आला असणार, असंच मला वाटलं. दुसरं काय वाटणार?

"हे बघा, थट्टा करायची असेल तर बाहेर जाऊन करा."

"मजाक नै बाई. उस्मान नाम है मेरा. एक सही करता, चले जाता."

"नाव काही का असेना! आधार कार्ड आणून दाखवलंत तरी या नोटेला पेन लागणार नाही. मी शब्द दिलाय त्यांना."

तो हात पुढे करून उभाच होता. मी दोन्ही हातांनी ट्रे माझ्याकडे ओढला आणि वर प्रदर्शनाचं पत्रक आडवं धरलं. जणू तो हिसकावूनच नेणार होता. तेव्हा त्याने हात मागे घेतला. रागावला नाही. उलट त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

"गनपत ने बोला होगा, किसीकू लिखने देना नै," तो म्हणाला. "ठीक है. उसकू बोलना, कंबल मिला था."

एवढं बोलून तो दाराकडे चालत गेला आणि बाहेर पडला. धुकं नाही, गार वारा नाही, काही नाही. चप्पल घालून माणूस जातो तसा गेला.

देशमाने काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, कशाला एवढं फाडून खायचं? साधं पोरगं दिसत होतं." हे मुद्दाम लिहिते, कारण 'तुम्हाला भास झाला' असं म्हणणारे इथे बरेच आहेत. मीच त्यांतली एक होते. काकांनी त्याला पाहिलं, त्याचं बोलणं ऐकलं.

पुढच्या सुट्टीला मी नोट परत द्यायला टेंभुर्णीला गेले. गप्पांच्या ओघात तो किस्सा सांगितला, तोही फुशारकीने. बघा आबा, तुमच्या नोटेवर कसा पहारा ठेवला! सुमनताई पण हसत होत्या. आबा कानामागे हात धरून ऐकत होते.

"आणि जाताना काय म्हणाला माहितीये? गणपतला सांगा, कंबल मिळालं होतं." बोलता बोलता मला स्वतःलाच ते नाव पहिल्यांदा ऐकू आलं. मी सुमनताईंना विचारलं, "गणपत कोण हो?"

सुमनताई म्हणाल्या, "अवो, आबाच की. पन गनपत म्हननारं आता कोन उरलंय?"

आबांचा हात कानामागून खाली आला होता. चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना काही होतंय. मी पाण्यासाठी उठणार तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय मिळालं म्हनला?"

"कंबल."

"पोचलं का... पोचलं का रं!" आणि ते रडायलाच लागले. एवढा मोठा माणूस, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखा.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते सुमनताईंनीही कधी ऐकलेलं नव्हतं. पलटण निघाली त्या रात्री आबा दवाखान्याच्या तंबूपर्यंत पळत गेले होते. आत सोडेनात. बाहेरून उस्मानच्या दातांची कडकड ऐकू येत होती म्हणे. आबांनी अंगावरचं स्वतःचं कंबल काढून एका स्ट्रेचरवाल्याच्या हातात दिलं. पिंपळगावच्या उस्मानला दे, म्हणाले. सरकारी कंबल देऊन टाकणं म्हणजे गुन्हा. म्हणून साहेबाला सांगितलं, नदी ओलांडताना वाहून गेलं. त्याबद्दल शिक्षा भोगली. खोटं बोललो याची लाज, त्यामुळे पुढे कुणालाच काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

"त्या स्ट्रेचरवाल्यानं दिलं का सोताच पांघरून झोपला, ते कधी कळलंच न्हाई मला," आबा म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "आबा, मी त्याला सही करू दिली नाही."

"तुमचं बिलकुल चुकलं न्हाई. म्याच शबूद घेतल्ता. जागा राखा म्हनलं, पन तो आला तर बसवून घ्या, हे सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

घरी आल्यावर मी माझ्या पद्धतीने तपासणी सुरू केली. एक शक्यता मला पटण्यासारखी वाटत होती, आणि ती मी घट्ट धरून बसले. उस्मान त्या तापातून उठला असेल. हैदराबादकडे जाऊन राहिला असेल, संसार केला असेल, नातवाला सगळं सांगितलं असेल. नोटेचं, चौकटीचं, कंबलाचं, गणपतचं. नातवाचं नावही उस्मानच ठेवलं असेल. तो कामानिमित्त जालन्याला आला आणि प्रदर्शन बघायला शिरला. बसलं की नाही सगळं?

मग मी कुंभार पिंपळगावला बाजाराच्या दिवशी जाऊन आले. म्हाताऱ्या माणसांना विचारलं. मशिदीजवळच्या एका चाचांना ते घर आठवत होतं. पण लढाईवर गेलेला मुलगा परत आल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या घरातलं कुणी नंतर फिरकलंही नव्हतं. भावाने हैदराबादला खटपट केली. फेसबुकवर टाकलं. हॉलवाल्याला विचारलं, कॅमेरा नव्हता. कुणीही 'तो मी' म्हणून पुढे आलं नाही. आणि नातू असता तर 'आजोबांची जागा' म्हणाला असता ना? "मेरी जगह" कशाला म्हणेल?

पण खरं सांगू? नातू होता असं धरलं तरी माझा जीव शांत होत नाही. उलट जास्त कालवतो. इतकी वर्षं ज्या घराचा पत्ता आबांना लागला नाही, त्या घरातलं माणूस आपल्या पायाने माझ्यापर्यंत आलं आणि मी त्याला हाकललं. आणि नातू नसेल तर... तर मग काय, हे मला लिहिताही येत नाही.

पावसाळा संपता संपता मी पुन्हा टेंभुर्णीला गेले, काहीच हाती लागलं नाही हे सांगायला. आबा खंगले होते, बाजेवर पडूनच होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या. नका हुडकू आता. आल्ता ना? मंग झालं." नोट त्यांच्या उशाखाली होती. सुमनताई म्हणाल्या, रोज एकदा काढून बघतात, पण कुणाच्या हातात देत नाहीत.

निघताना मी पाया पडले, तेव्हा त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं. सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, त्यांनी विचारलं, "बाई, एक इचारू का? कवाधरनं मनात घोळून राह्यलं. एवढ्या लांबून आल्ता तो. त्याला चहापानी इचारलं का?"

मी क्षणभरही थांबले नाही. "हो आबा. बसले ना ते. चहा घेतला."

"किती?"

"दोन कप."

आबांचा चेहरा उजळला. "दोन घेनारच! एका कपावर कधी भागलंच न्हाई त्याचं." आणि डोळे मिटून ते बराच वेळ हसत राहिले.

त्या थंडीत आबा गेले. शेवटपर्यंत सुनेला सांगत होते म्हणे, जालन्याच्या बाईंनी उस्मानचं चांगलं केलं, चहा पाजला. सुमनताई ती नोट मला द्यायला निघाल्या होत्या. मी घेतली नाही. ती आजही त्यांच्याकडेच आहे, आणि चौकट कोरीच आहे.

तो कोण होता याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, अगदी खवचटपणे लिहिलंत तरी चालेल. मी सगळ्या शक्यता उलटसुलट करून पाहिल्या आहेत आणि एकही पूर्ण बसत नाही. काय घडलं ते कळलं नाही म्हणून काही माझी झोप उडत नाही. पण त्या दुपारी माझ्या टेबलाशेजारी एक रिकामी खुर्ची होती, तो समोर उभा होता, आणि मी त्याला बसा म्हटलं नाही.